अवसायकालाच प्रशासक व्हायचे असेल तेव्हा

ऑस्ट्रेलियात देणी फेडू न शकणाऱ्या कंपनीपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. अवसायनात अवसायक मालमत्ता विकतो, आलेला पैसा धनकोंना वाटतो आणि कंपनी संपते. दुसरी वाट ‘व्हॉलंटरी ॲडमिनिस्ट्रेशन’ची, म्हणजे ऐच्छिक प्रशासनाची. तेथील विधी सुधारणा आयोगाच्या 1988 च्या हार्मर अहवालातून ती निघाली आणि जून 1993 पासून अमलात आली. प्रशासक कारभार हाती घेतो, बहुतेक वसुली तात्पुरती थांबते आणि काही आठवड्यांतच धनकोंच्या सभेत कंपनीचा निकाल लागतो: तडजोडीचा करार, संचालकांकडे परत सोपवणूक किंवा अवसायन. कंपनी किंवा तिचा धंदा वाचवावा, आणि ते शक्य नसेल तर तत्काळ अवसायनापेक्षा धनकोंच्या पदरात जास्त पडावे, हा या व्यवस्थेचा हेतू आहे.

एरवी प्रशासन फसले की कंपनी अवसायनात जाते. क्वचित हा प्रवास उलटा होतो. अवसायन चालू असताना एखादा संचालक किंवा बाहेरचा गुंतवणूकदार पैसे घालायला पुढे येतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा धंदा बंद पडला तरी त्या नोंदणीला किंमत असते, म्हणूनही असे प्रस्ताव येतात. तडजोडीचा करार मात्र प्रशासनातूनच होऊ शकतो. त्यासाठी 2001 च्या कॉर्पोरेशन्स ॲक्टचे कलम 436बी अवसायकाला प्रशासक नेमण्याचा अधिकार देते. कंपनी दिवाळखोर आहे किंवा होण्याचा संभव आहे, असे त्याचे मत झालेले असले पाहिजे.

अडचण पुढे आहे. प्रशासक म्हणून अवसायक स्वतःची किंवा आपल्या भागीदाराची, नोकराची नेमणूक परस्पर करू शकत नाही. त्यासाठी धनकोंच्या सभेचा ठराव किंवा न्यायालयाची परवानगी लागते. ही अट योग्यच आहे. प्रस्ताव धनकोंच्या हिताचा आहे की नाही, यावर प्रशासकाला मत द्यायचे असते, आणि त्यासाठी अवसायनातून किती पैसे हाती आले असते याच्याशी तुलना करावी लागते. तो अंदाज ज्याच्या कामावर उभा, तोच सल्लागार झाला तर आपल्याच कामाची पारख त्याच्याकडे येते. शिवाय दोन्ही पदांचा मोबदला कंपनीच्या पैशातून जातो.

परवानगी मागण्याचे कारणही तितकेच खरे आहे. वह्या, बँक खाती, संशयास्पद व्यवहार, धनकोंचे दावे हे सारे अवसायकाने आधीच पाहिलेले असते. नवख्या माणसाला तेच पुन्हा वाचायला लावले, तर खर्च धनकोंच्याच वाट्यातून जातो आणि वेळ तर प्रशासनात मुळातच कमी. म्हणून न्यायालय पाहते ते हे: प्रस्ताव खरा आहे का, बचत किती, पैसे घालणाऱ्याशी अर्जदाराचे काही संबंध आहेत का, धनकोंचा आक्षेप आहे का, आणि अवसायकाच्या स्वतःच्या वागण्याची चौकशी पुढे कधी करावी लागेल का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तेथे शंका राहिली, तर वाचणाऱ्या पैशांपेक्षा स्वतंत्र माणूस बरा.

परवानगीने कंपनी मोकळी होत नाही. धनकोंनी करार स्वीकारला तरी अवसायन आपोआप संपत नाही. ते थांबवण्यासाठी किंवा संपवण्यासाठी कलम 482 खाली न्यायालयात पुन्हा अर्ज करावा लागतो. कर्जमुक्त न झालेली कंपनी पुन्हा व्यवहारात उतरली, तर नव्या लोकांचे पैसे बुडण्याची भीती असते, म्हणून तो अर्जही काटेकोरपणे तपासला जातो.