डायनासोरचा दात मागवताय? आधी ‘टॅग’ विचारा!

खरिपाच्या तोंडावरची गोष्ट आहे. वरोरा तालुक्यातल्या एका गावात सोयाबीनची उगवणशक्ती घरच्या घरी गोणपाटावर कशी तपासायची, याचे प्रात्यक्षिक होते. शंभर दाणे मोजून झाले, गुंडाळी बांधून झाली, चहाही झाला. मंडळी पांगली तसे जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक जवळ आले आणि हळूच म्हणाले, “साहेब, तुमच्या खिशात ते किडी पाहायचं भिंग असते ना? जरा शाळेत चलता का?”

शाळेत टेबलावर फडक्यात गुंडाळलेल्या दोन वस्तू होत्या. एक बोटभर लांबीचा ‘डायनासोरचा दात’ आणि दुसरे नारळाएवढे ‘डायनासोरचे अंडे’. सोबत सोनेरी किनारीचे, शिक्का मारलेले प्रमाणपत्र. शाळेत विज्ञान कोपरा उभारायचा म्हणून गावाने साडेसहा हजार रुपये लोकवर्गणी जमवली होती. त्यातून गुरुजींनी मोबाईलवर पाहून हा माल मागवला होता. चार दिवसांनी एका पोराने अंडे नखाने खरवडले, तर खालून खडूसारखी पांढरी भुकटी निघाली!

मी भिंग लावले. अंडे प्लॅस्टरचे, वरून मातीचा रंग दिलेले. दाताचे टोक खरे दिसत होते. पण बुडखा म्हणजे वाळू आणि डिंक यांचा लगदा होता, त्यात हवेचे बुडबुडे स्पष्ट दिसत होते. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता. गुरुजी म्हणाले, “पैशाचं एकवेळ जाऊ द्या साहेब. पण पोट्ट्यांनी वहीत चित्र काढून ठेवलं, त्यांना आता काय सांगू?”

शेतकरी बंधूंनो, मी भूशास्त्रज्ञ नाही. कृषी पदविका घेतलेला विस्तार खात्याचा माणूस आहे. पण बोगस बियाण्याची प्रकरणे हाताळून एक गोष्ट पक्की कळली आहे. पिशवीवरचे चित्र पाहून जो माल घेतो तो फसतो. टॅग, लॉट नंबर आणि बिल पाहून जो घेतो तो सहसा फसत नाही. जीवाश्माचेही अगदी तसेच आहे. ऑनलाइन बाजारात आज जगभरचे दात, हाडे, अंडी विकायला आहेत. शाळेसाठी, वाचनालयासाठी किंवा मुलांच्या हौसेखातर कोणी मागवणार असेल, तर पुढील माहिती अवश्य वाचावी.

खरा माल आपल्याच मातीत

आधी घरची गोष्ट सांगतो. वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे गाव जगभरच्या जीवाश्मशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, येथील जीवाश्म अभ्यासले जात आहेत. येथे हाडे तर सापडतातच; पण त्याहून प्रसिद्ध आहेत ते विष्ठेचे दगड. त्यांना कॉप्रोलाइट म्हणतात. त्यांचे वय साडेसहा कोटी वर्षांहून अधिक आहे.

२००५ साली शास्त्रज्ञ वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या या दगडांचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. धानाचे पाते हाताला कापते, ते त्यातल्या वाळूसारख्या सूक्ष्म कणांमुळे. गवताच्या जातीप्रमाणे या कणांचा आकार वेगळा असतो. तसेच कण या विष्ठेच्या दगडांत निघाले! डायनासोरच्या काळी गवत होते आणि ते त्यांच्या पोटात जात होते, याचा तो पहिला पुरावा ठरला. पुढे २०११ मध्ये याच थरांतील कणांवरून धानाच्या कुळातील गवतही त्या काळी होते, असे याच शास्त्रज्ञांनी मांडले. नागभीड-सिंदेवाहीच्या बांधीत जो धान डोलतो, त्याच्या भाऊबंदांचा इतका जुना माग आपल्याच जिल्ह्यातल्या शेणाच्या दगडात मिळाला.

जवळच्या डोंगरगावच्या टेकडीवर १९८४ ते १९८६ या काळात मोठ्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा खोदून काढण्यात आला. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला २००३ मध्ये ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले.

आता विचार करा. हाच विष्ठेचा दगड कोणी गोणीत भरून नेला असता आणि ‘डायनासोर दगड, भारत’ एवढेच लिहून विकला असता, तर त्यात गवत शोधायला कोण बसले असते? तो कोणत्या गावचा, कोणत्या थरातला, हे माहीत होते म्हणून त्याच्यापासून ज्ञान निघाले. दगडाची किंमत त्याच्या पत्त्यात असते.

खोटा माल कसा तयार होतो?

गुरुजींच्या दाताचे टोक खरे निघाले, ते कसे? असले दात बहुधा आफ्रिकेतील मोरोक्को देशाचे असतात. तेथे सहारा वाळवंटाच्या कडेला साडेनऊ-दहा कोटी वर्षांपूर्वीचे खडक आहेत. स्पायनोसोर कुळातील प्राण्यांचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत, त्यामुळे हे दात तेथे भरपूर निघतात. गावकरी पोटासाठी हाताने भुयारे खणून ते काढतात. पण अखंड दात थोडे, तुकडे फार. मग एकाचे टोक, दुसऱ्याचे बूड, मध्ये वाळू-डिंकाचा लगदा, असा ‘पूर्ण’ दात तयार होतो. कोणी आपल्याकडे जुने बियाणे नव्या पिशवीत भरतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा प्रकार नाव चुकवण्याचा. मोरोक्कोतच खुरिबगा भागात फॉस्फेटच्या खाणी आहेत. आपल्या खताचा कच्चा माल जो फॉस्फेट, तोच हा. त्या थरांत मोझासोरचे दात विपुल सापडतात. मोझासोर हा समुद्रात राहणारा सरडावर्गीय प्राणी. तो डायनासोर नव्हेच. तरी त्याचे दात डायनासोरचे म्हणून खपवतात. खरे दात वाळूच्या बनावट जबड्यात बसवून ‘पूर्ण जबडा’ही विकतात.

आणि यात मोठेमोठे फसले आहेत. चीनच्या लियाओनिंग प्रांतात एका शेतकऱ्याला जीवाश्माचे तुकडे सापडले. अखंड नगाला भाव जास्त, म्हणून पक्ष्याचे धड आणि छोट्या डायनासोरचे शेपूट एकत्र चिकटवले गेले. तो नग अमेरिकेत १९९९ साली ८० हजार डॉलरला विकला गेला. ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाने त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अंकात ‘डायनासोर आणि पक्षी यांमधला दुवा’ म्हणून तो छापला. डिसेंबरात चिनी शास्त्रज्ञ शू शिंग यांना त्या शेपटीचा जोडतुकडा दुसऱ्याच प्राण्याच्या अंगाला सापडला आणि बिंग फुटले. वाईट याचे वाटते की, ते शेपूट मायक्रोरॅप्टर या खरोखरच महत्त्वाच्या नव्या प्राण्याचे होते. डिंक लावला नसता, तरी त्याची कीर्ती झालीच असती.

पैसे देण्यापूर्वी हे विचारा

१) पत्ता विचारा. देश, प्रांत, गाव किंवा खाण, खडकाच्या थराचे नाव आणि वय. ‘आफ्रिका’ किंवा ‘आशिया’ एवढेच उत्तर आले, तर टॅग नसलेली पिशवी समजून सोडून द्या.

२) नाव, देश आणि काळ जुळतो का पाहा. टी-रेक्स हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. ‘मोरोक्कोचा टी-रेक्स’ कोणी विकत असेल, तर ते कोकणातल्या नागपुरी संत्र्यासारखे झाले. व्हेलोसिरॅप्टर मंगोलिया आणि उत्तर चीनचा. त्या देशांतून जीवाश्म परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाहीत. म्हणजे असा स्वस्त दात एक तर खोटा, नाही तर चोरटा.

३) फार नेमके नाव असेल तर सावध राहा. सुट्या दातावरून जात ठरवणे तज्ज्ञालाही कठीण जाते. प्रामाणिक विक्रेता ‘स्पायनोसोर कुळ’ एवढेच लिहितो. स्पायनोसोरचा दात मक्याच्या कणसासारखा गोलसर निमुळता, त्यावर उभ्या रेघा. कारकॅरोडोंटोसोरचा दात चपटा, कडेला विळ्यासारखे बारीक दाते. एवढा फरक फोटोतही दिसतो.

४) दुरुस्ती किती, हे लिहून घ्या. तडा जोडणे हा गुन्हा नाही. लपवणे ही फसवणूक आहे.

५) फोटो सर्व बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून मागा. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखालचा एक फोटो मागा. त्या उजेडात डिंक आणि भराव बहुधा वेगळे चमकतात.

६) प्रमाणपत्रावर भुलू नका. ते बहुतेक वेळा विक्रेत्यानेच छापलेले असते. पिशवीवर ‘संशोधित’ छापल्याने बियाणे संशोधित होत नाही.

७) बिल घ्या, पार्सल उघडताना मोबाईलवर चित्रण करा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात करणे कंपनीवर बंधनकारक आहे. दाद लागत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

माल हाती आल्यावर दहापटीच्या भिंगाने पाहा. खऱ्या हाडाच्या तुटलेल्या कडेला बारीक जाळी दिसते. खऱ्या अंड्याचे कवच सारख्या जाडीचे असते आणि त्यावर बारीक छिद्रे असतात. धार जिल्ह्यात बाग परिसरातील ९२ घरटी आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. ती अंडी साधारण १५ ते १७ सेंटीमीटर व्यासाची आहेत. नुसता गोल दगड म्हणजे अंडे नव्हे. न दिसणाऱ्या जागी तापलेली सुई टेकवा. प्लॅस्टिकसारखा वास आला, तर तेथे भराव आहे. नखांचा रंग काढायच्या द्रावात बुडवलेला कापूस घासला, तरी अनेक डिंक सुटतात.

चोरीचा माल घरात नको

खरा माल असला तरी तो कायद्याने निघालेला हवा. मे २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मंगोलियातील टार्बोसोरचा सांगाडा दहा लाख डॉलरहून अधिक बोलीला गेला. तो चोरून नेलेला होता, हे सिद्ध झाले. अमेरिकन सरकारने तो जप्त करून २०१३ साली मंगोलियाला परत केला. ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म सरकारी मालकीचे आहेत. तेथील ‘उबिराजारा’ नावाचा डायनासोर जर्मनीतील संग्रहालयाला २०२३ मध्ये परत करावा लागला.

आपल्याकडे खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे आणि वस्तूंच्या जतनासाठी कायद्याचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर ठेवला होता. वनजमिनीवरचा दगड तर १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे वनउपजच आहे. तो परवानगीशिवाय उचलता येत नाही. गावात कोणी ‘चांगले दगड विकत घेतो’ म्हणत फिरत असेल, तर सरपंच आणि ग्रामपंचायतीने लगेच चौकशी करावी.

येथे माझी एक चूक कबूल करतो. नोकरीत नवा असताना एका शेताच्या धुऱ्यावरून असाच एक गोटा मी उचलून आणला. टेबलावर कागद दाबायला ठेवला. चार वर्षांनी एका संशोधकाने तो पाहिला, हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला आणि विचारले, “कोणत्या शेतातला?” मला गावही नक्की सांगता आले नाही. त्याने गोटा शांतपणे परत ठेवला. त्या दिवशी मला लॉट नंबरचा खरा अर्थ कळला.

म्हणून वखरणीत, विहीर खोदताना किंवा शेततळ्याच्या कामात हाडासारखा दगड दिसला, तर तो उचलू नका, धुऊ नका, फोडू नका. मोबाईलवर जागेवरच फोटो काढा. शेजारी पेन किंवा विळा ठेवा, म्हणजे आकार कळेल. गट क्रमांक आणि खोली लिहून ठेवा. ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात कळवा. नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे, त्यांना कळवा.

आणि शाळांसाठी एक सूचना. खरा दात पाहिजेच असा हट्ट कशाला? चांगली प्रतिकृती घ्या आणि तिच्यावर ठळक अक्षरात ‘प्रतिकृती’ असे लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही. मोठ्या संग्रहालयांतही अनेक सांगाड्यांची काही हाडे साच्यातून काढलेली असतात.

आमच्या गुरुजींनी शेवटी काय केले? पैसे अजून परत आलेले नाहीत. तक्रार चालू आहे. पण त्यांनी दात आणि अंडे फेकले नाहीत. काचेच्या पेटीत ठेवले. पोरांनीच चिठ्ठ्या लिहून लावल्या. एकीवर लिहिले आहे, ‘टोक खरे, बूड खोटे. पत्ता माहीत नाही.’ दुसरीवर, ‘अंडे नाही. प्लॅस्टर.’ पेटीशेजारी भिंग दोरीला बांधून ठेवले आहे. येणारा पाहुणा आधी भिंग मागतो.

बियाणे घेतानाही हीच सवय ठेवा. टॅग, लॉट, बिल. मग दुकानदार ओळखीचा असो की मोबाईलमधला.