बैठकीच्या खोलीतील दीपयोजना

डोंबिवलीतील पुष्कळशा कुटुंबांची बैठकीची खोली, जिला आपण सारेच हॉल म्हणतो, दहा फूट रुंद आणि फार तर चौदा फूट लांब असते; आणि एवढ्याच क्षेत्रफळात पाहुण्यांची बैठक, मुलांची अभ्यासिका, भोजनाची पंगत आणि रात्रीचे शयनगृह असे चार व्यवहार आळीपाळीने चालतात. घरातील नोकरदार माणसे सकाळच्या लोकलने मुंबई गाठतात आणि दिवेलागण होऊन बराच वेळ लोटल्यावर परततात, म्हणून या खोलीचा खराखुरा उपभोग बहुधा कृत्रिम प्रकाशातच घेतला जातो. असे असूनही त्या प्रकाशाची तजवीज आपण इमारत बांधणाऱ्यावर सोपवून मोकळे होतो, आणि त्याने भिंतीवर जिथे ट्यूबलाइटची जागा मुकर्रर केली असेल तिथूनच सबंध खोलीवर वर्षानुवर्षे एकच प्रकाश अंमल गाजवीत राहतो.

माझ्या धाकट्या बहिणीने रामनगरातील आपल्या घरासाठी शोभेचे टेबललॅम्प निवडण्याची कामगिरी माझ्यावर सोपवली, तेव्हा या विषयाकडे बारकाईने पाहण्याचा योग आला. तिची अट थोडक्यात होती : "दादा, दिवा देखणा हवाच, पण आईंच्या डोळ्यांना त्याचा त्रास होता कामा नये." आई म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असून, संध्याकाळी जमिनीवर आसन घालून पोथी वाचण्याचा त्यांचा परिपाठ आहे. त्याच वेळी दहावीतली नात दिवाणावर पुस्तके पसरून बसलेली असते.

लहान खोली मोठी भासावी म्हणून ती लख्ख उजळावी, असा एक समज आहे. पण त्या हॉलमध्ये काही संध्याकाळी नुसते बसून पाहिल्यावर तो मला मान्य करवेना. उंचावरच्या ट्यूबलाइटचा प्रकाश कपाटावरच्या बॅगा, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या गाद्या, फ्रिजवरचा औषधांचा डबा आणि वाचणाऱ्याचे पुस्तक या सर्वांना सारखाच मान देतो. चारही भिंती एकदम दृष्टीस पडतात आणि खोलीची हद्द क्षणात कळून चुकते. याउलट बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेवलेला दिवा आवश्यक तेवढाच भाग उजळतो, बाकीचा भाग सौम्य छायेत राहतो, आणि नजरेला खोलीची सीमा चटकन सापडत नाही. आपल्या जुन्या वाड्यांतील भिंतींत कोरलेल्या दिवळ्या आणि जमिनीवर ठेवायच्या समया पाहिल्या, किंवा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिव्यांचा विख्यात संग्रह सावकाश न्याहाळला, तर प्रकाश माणसाच्या जवळ आणि त्याच्या बैठकीच्या उंचीवर असावा हा विचार आपल्या पूर्वजांना किती स्वाभाविक होता, याची खात्री पटते.

खरेदीपूर्वी आम्ही एक प्रयोग केला. स्टीलचे डबे एकावर एक रचून त्यांवर होल्डरसह दिवा बसवला, त्याभोवती पुठ्ठ्याची नळी करून तिला शेडचे रूप दिले, आणि घरातील प्रत्येकाला आपापल्या नेहमीच्या जागी बसवून मापे घेतली. शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत असावी, हा सर्वमान्य नियम आहे. कड त्याहून वर गेली तर उघडा दिवा डोळ्यांत खुपतो, फार खाली आली तर पुस्तकापर्यंत प्रकाश पोहोचत नाही. परंतु हा नियम, सर्व माणसे खुर्चीवर बसतात असे गृहीत धरून केलेला आहे. आमच्या मोजणीत दिवाणावर बसलेल्या मुलीचे डोळे जमिनीपासून सुमारे बेचाळीस इंचांवर, तर आसनावर बसलेल्या आजींचे तीस इंचांच्या आसपास भरले. मुलीसाठी योग्य ठरलेल्या शेडखालून आजींना नेमका दिवाच दिसत होता. उतारवयात वाचनासाठी अधिक प्रकाश लागतो आणि उघड्या दिव्याची तिरीप मात्र कमी सोसते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या होत्या. तेव्हा एका मोठ्या दिव्याचा विचार सोडून दोन लहान दिवे घ्यावेत असे ठरले : मुलीसाठी दिवाणाशेजारच्या स्टुलावर, खोल शेडचा आणि तळाशी दुधी तबकडी असलेला, आजींसाठी बुटक्या चौरंगावर, त्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे पोथीचे पान उलटताना हाताची सावली अक्षरांवर पडू नये.

प्रकाशाचे गणितही याच निर्णयाला अनुकूल होते. दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले की पृष्ठभागावर पडणारा प्रकाश जवळजवळ चौपट होतो, म्हणून पुस्तकाजवळच्या दिव्याला मोठ्या शक्तीची गरज नसते. सात वॅटचा एलईडी दिवा जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या दिव्याच्या जवळपास प्रकाश देतो आणि तापतो फार कमी, त्यामुळे कापडी वा कागदी शेडही त्याच्याजवळ सुरक्षित राहते. वेष्टनावर 2700 किंवा 3000 केल्विन असा आकडा असेल तर प्रकाश पिवळसर, 6500 असेल तर निळसर पांढरा; रात्रीच्या बैठकीसाठी आम्ही पहिलाच पसंत केला.

लोहार चाळीत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या त्या विद्युत साहित्याच्या प्रसिद्ध बाजारात, दुकानातले असंख्य दिवे एकदम पेटलेले असतात, आणि त्या झगमगाटात कोणत्याही एका दिव्याचा स्वभाव कळणे अशक्य असते. "शेठ, आजूबाजूचे दिवे जरा बंद करता का?" अशी विनंती करताच दुकानदाराने ती आनंदाने मान्य केली, इतकेच नव्हे तर बसायला स्टूलही दिले. बसून पाहिल्यावर कितीतरी देखणे दिवे बाद झाले. लाल शेडने पांढरा कागद तांबूस दिसे. जाळीदार पितळी शेडच्या नक्षीच्या सावल्या अक्षरांवर पडत. शेवटी कातीव लाकडी बैठकीचे आणि फिकट सुती शेडचे दोन दिवे पसंत पडले. बैठक रुंद आणि वजनदार आहे ना, वायरमधले बटण हाताशी येते ना, होल्डर आट्यांचा की पिनांचा, हा तपशील तिथेच पाहून घेतला. धातूचा दिवा घेणाऱ्याने त्याला अर्थिंगसह तीन पिनांचा प्लग आहे किंवा नाही, हे पाहायला विसरू नये.

मांडणीच्या वेळी खोलीनेही आपल्या तक्रारी मांडल्या. पहिल्या जागी शेडच्या वरच्या तोंडातून निघालेला प्रकाश पंख्याच्या पात्यांतून छतावर जाई आणि फिरत्या सावल्यांनी सबंध खोली अस्वस्थ होई. स्टूल कोपऱ्यात सरकवताच त्या नाहीशा झाल्या, शिवाय दोन फिकट भिंतींवरून परतलेल्या प्रकाशाने कोपरा अधिक प्रसन्न झाला. टीव्हीच्या समोर ठेवलेला दिवा पडद्यावर उमटतो आणि खिडकीपाशी ठेवलेला काचेत. शेजारची इमारत हाताच्या अंतरावर असलेल्या डोंबिवलीत खिडकीजवळचा दिवा घरातील हालचाल शेजाऱ्यांना उघड करतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. वायर येण्याजाण्याच्या वाटेवर न येता भिंतीच्या कडेने पट्टीतून नेण्याचा बंदोबस्त वायरमनने केला.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कापडी शेडवर बुरशी धरते आणि कागदी शेड दमटपणाने सैल पडते. म्हणून शेड सहज काढता येणारी असावी आणि कोरड्या, मऊ ब्रशने वरचेवर झाडावी. आषाढी अमावस्येला, दिव्यांच्या अवसेला, समया आणि निरांजने घासूनपुसून पुजण्याचा आपला प्रघात आहे; त्याच दिवशी या नव्या दिव्यांच्या शेडही उतरवून स्वच्छ करण्याचे बहिणीने ठरवले आहे, आणि ते मला अत्यंत उचित वाटते.

आता त्या घरी ट्यूबलाइट जेवणाच्या वेळी आणि पाहुणे आले असता लागते. एरवी आजी आणि नात एकाच खोलीत असूनही आपापल्या प्रकाशात असतात, आणि आजी लवकर झोपल्या तरी नातीला पुस्तक मिटावे लागत नाही. घराचे क्षेत्रफळ वाढवणे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हाती क्वचितच असते, पण आहे त्या जागेत प्रत्येकाला स्वतःचा असा कोपरा देणे बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते. ज्याला दिवा घ्यायचा आहे त्याने आधी घरातील माणसे संध्याकाळी कुठे, कशी आणि कशासाठी बसतात हे पाहावे, मग टेप घेऊन मोजावे, आणि बाजारात सर्वांत शेवटी जावे. या क्रमाने निवडलेला दिवा शोभेचा असूनही घरात रोज उपयोगी पडतो.