सर्व्हर बंद पडल्यावर कामी येणारी पुस्तकं

नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या शेजारी आज ईएसडीएस या कंपनीचं डेटा सेंटर उभं आहे. सर्व्हर सांभाळणं, प्रोग्रॅम लिहिणं ही कामं नाशिकच्या मुलांना आता घराजवळ मिळू शकतात. अभ्यास मात्र बऱ्याचदा व्हिडिओ आणि परीक्षेच्या गाइडवर भागवला जातो. कोणती कमांड द्यायची हे त्यातून कळतं. ती दिल्यावर आत काय घडतं, हे समजायला पुस्तकच हवं; कारण रात्री सर्व्हर बंद पडतो तेव्हा पाठ केलेल्या कमांड फार काळ पुरत नाहीत.

प्रोग्रॅमरनं नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’पासून सुरुवात करावी. पुढे कर्निगन आणि रिची यांचं ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ (१९७८) घ्यावं. रिची हे सी भाषेचे जनक. तरी पुस्तक तीनशे पानांच्या आतलं. संगणकाच्या पोटात शिरायचं असेल तर अच्युत गोडबोले यांचं ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स’ आहेच.

सर्व्हर सांभाळणाऱ्या सिस्टिम ॲडमिननं एव्ही नेमेथ आणि सहकाऱ्यांचं युनिक्स-लिनक्सचं हँडबुक हाताशी ठेवावं. १९८९ सालचं हे पुस्तक २०१७ मध्ये पाचव्या आवृत्तीपर्यंत पोहोचलं. त्याच्या जोडीला गूगलच्या अभियंत्यांचं ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ (२०१६) वाचावं. ते इंटरनेटवर मोफत आहे. सेवा ९९.९ टक्के वेळ चालू ठेवायची म्हणजे तीस दिवसांत जेमतेम ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. ही मुभा विचारपूर्वक कशी वापरावी आणि बिघाडानंतर माणसाला दोष न देता व्यवस्थेतली फट कशी शोधावी, हे त्यात शिकायला मिळतं.

दोघांनीही वाचावं असं पुस्तक म्हणजे फ्रेड ब्रूक्स यांचं ‘द मिथिकल मॅन-मंथ’ (१९७५). आयबीएमची ओएस/३६० ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवतानाच्या अनुभवातून ते सांगतात, की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर माणसं वाढवली तर तो आणखी रखडतो. कारण माणसांपेक्षा त्यांच्यातला संवाद वेगानं वाढतो: पाच जणांत संवादाच्या दहा जोड्या होतात, दहा जणांत पंचेचाळीस.

ही पुस्तकं नुसती वाचून भागत नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकावं, प्रत्येक उदाहरण स्वतः टाइप करून चालवावं, मुद्दाम बिघडवून पुन्हा दुरुस्त करावं. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय जपणाऱ्या नाशिकमधल्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी या पुस्तकांच्या पुरेशा प्रती ठेवाव्यात. गाइडपेक्षा महाग पुस्तक प्रत्येक विद्यार्थ्याला विकत घेणं जमत नाही. वाचायला मात्र ते प्रत्येकाला मिळायला हवं.