कचऱ्याच्या डब्याला 24 हजार मतं!

मतदानाची सुट्टी वीकेंडला जोडून अलिबाग गाठणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर हा माणूस तुम्हाला भेटायलाच हवा. नाव काउंट बिनफेस. डोक्यावर कचऱ्याचा डबा, पाठीवर झूल, मुक्काम पोस्ट अंतराळ. पक्षाचं नावही स्वतःचंच, काउंट बिनफेस पार्टी. आणि निवडणूक लढवायची ती थेट पंतप्रधानांच्या विरोधात!

डब्याच्या आत आहे जॉन हार्वी हा ब्रिटिश विनोदी लेखक. 2017 मध्ये तो लॉर्ड बकेटहेड बनून थेरेसा मे यांच्यासमोर उभा राहिला आणि 249 मतं घेऊन घरी गेला. पुढे बकेटहेड या पात्राच्या हक्कांवरून भानगड झाली, कारण ते मुळात एका जुन्या अमेरिकन सिनेमातलं. पठ्ठ्याने बादली उतरवली आणि डबा चढवला! 2019 मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या मतदारसंघात दोघंही मैदानात होते. बकेटहेड म्हणून आता दुसराच कुणी. बादलीला 125 मतं, डब्याला 69.

आता तुम्ही म्हणाल, हा निव्वळ टाइमपास आहे. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण यामागचा फंडा समजून घ्या. ब्रिटनमध्ये निकाल जाहीर होताना मतदारसंघातले उमेदवार एकाच स्टेजवर उभे असतात. पंतप्रधानही त्याच रांगेत. प्रत्येकाचं नाव आणि मतं मोठ्याने वाचली जातात. 5 जुलै 2024 च्या पहाटे ऋषी सुनक स्वतःची जागा जिंकून देश हरल्याचं कबूल करत होते, तेव्हा त्याच स्टेजवर हा डबा होता. त्याची मतं 308. आपल्याकडे एखाद्या मंत्र्याच्या शेजारी असं उभं राहायचं म्हटलं तर आधी त्याच्या पीएला किती फोन करावे लागतील?

या जागेचं भाडं 500 पौंड. एवढं डिपॉझिट आणि दहा मतदारांच्या सह्या असल्या की तुम्ही खासदारकीचे उमेदवार. पाच टक्के मतं मिळाली नाहीत की पैसे गेले. आपल्याकडे लोकसभेला खुल्या गटासाठी 25 हजार रुपये लागतात, पण ते वाचवायला एक षष्ठांश मतं हवीत, म्हणजे जवळपास 17 टक्के. आपली रक्कम कमी दिसते, पण अट त्यांच्यापेक्षा कितीतरी कडक!

लंडनच्या महापौरपदाचा मामला मात्र महागडा. तिथे डिपॉझिटच 10 हजार पौंड, म्हणजे दहा लाखांहून जास्त. तरी बिनफेस 2021 मध्ये उभा राहिला. त्याच्या वचनांपैकी एक म्हणजे लंडनमध्ये 'किमान एक' परवडणारं घर बांधू. (हिंजवडीत किंवा ठाण्यात टू बीएचकेचा ईएमआय भरणाऱ्यांनी यावर हसावं की रडावं, त्यांनी ठरवावं.) 2024 मध्ये क्रुसाँची किंमत 1 पौंड 10 पेन्सच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि नद्यांत सांडपाणी सोडणाऱ्या पाणी कंपन्यांच्या साहेबांना थेम्समध्ये डुबकी मारायला लावायची, ही वचनं होती. हसता हसता लक्षात येतं की घर, महागाई, नदी हे विषय तर सगळे खरेच आहेत.

मला खरा धक्का बसला तो आकड्यांनी. 2021 मध्ये बिनफेसला पहिल्या पसंतीची 24,775 मतं मिळाली, ब्रेक्झिटचा डंका पिटणाऱ्या युकिप पक्षापेक्षा जास्त. तेव्हा मतदाराला पहिली आणि दुसरी अशा दोन पसंती देता येत होत्या. म्हणजे एक मत गंमतीत गेलं तरी दुसरं हातात. 2024 पर्यंत कायदा बदलला, प्रत्येकाला एकच मत. तरीही डब्याला 24,260 मतं पडली! ब्रिटन फर्स्ट या कडव्या उजव्या पक्षाला त्याने चार हजारांच्या आसपास मतांनी मागे टाकलं. एकुलतं एक मत कुणी उगाच कचऱ्यात टाकत नाही, बॉस.

माझ्या ओळखीतला एक आयटीवाला म्हणतो, त्यापेक्षा नोटा दाबावा. 2013 पासून ती सोय आपल्याकडे आहेच. पण नोटा स्टेजवर जाऊन कुणाच्या शेजारी उभा राहत नाही. आपल्याकडे उमेदवारीचाच निषेध केला तो नलगोंडाच्या लोकांनी. 1996 च्या लोकसभेला पाण्याच्या प्रश्नाकडे लक्ष वेधायला तिथे शेकडो जणांनी अर्ज भरले. एकूण उमेदवार 480. मतपत्रिकेची चक्क पुस्तिका करावी लागली. त्याच वर्षी लोकसभेचं डिपॉझिट 500 वरून 10 हजार झालं. फालतू उमेदवार कमी झाले, मान्य. पण त्यांच्याबरोबर अशा शेतकऱ्यांचाही रस्ता बंद झाला, हे मला अजून खटकतं.

डबेवाल्याचे पूर्वज मात्र मतं मोजण्यावरच थांबले नाहीत. गायक स्क्रीमिंग लॉर्ड सच याने 1983 मध्ये ऑफिशियल मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी काढली. या वेड्यांच्या पक्षाचा अ‍ॅलन होप हा पबमालक 1987 मध्ये डेव्हन परगण्यातल्या अ‍ॅशबर्टन गावच्या कौन्सिलवर बिनविरोध निवडून आला आणि पुढे गावाचा महापौरही झाला. सचची करामत वेगळीच. मे 1990 मध्ये बूटलच्या पोटनिवडणुकीत त्याला 418 मतं मिळाली. माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन यांच्या एसडीपीला 155. काही दिवसांतच ओवेन यांनी पक्ष गुंडाळला. सच मात्र 1997 पर्यंत डिपॉझिट भरत राहिला.