पहिल्या सरीचा वास येतो कुठून?

तेरला वळवाची पहिली सर आली की तेरणाकाठच्या काळ्या रानातून वास उठतो आणि लोक म्हणतात, पावसाचा वास सुटला. पाऊस यात केवळ निमित्त असतो. पावसाच्या पाण्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. विजा कडाडताना तयार झालेला ओझोन वाऱ्याबरोबर खाली उतरला, तर सरीच्या आधी नाकाला झोंबणारा वास येतो, पण तो वेगळा. ओल्या रानाचा वास जमिनीत आधीपासून साठलेला असतो.

मग तो मातीचा, असं पुढचं उत्तर ठरलेलं असतं. तेही अर्धंच खरं आहे. त्या वासातला मुख्य घटक जिओस्मिन, आणि तो बनवतात मातीतले सूक्ष्मजीव, विशेषतः स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली मिळालं ते याच गोतावळ्यातून. हे जिवाणू बुरशीसारखे धागे पसरतात, आणि अन्न-ओल संपत आली की बीजाणू धरतात. जिओस्मिनची निर्मिती या बीजाणूंशी जोडलेली आहे. 1965 साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशव्हालिए यांनी हा पदार्थ वेगळा काढला. लिटरभर पाण्यात तो काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश एवढाच असला, तरी आपल्या नाकाला कळतो.

सगळं श्रेय जिवाणूंना द्यायला निघालं, की संत गोरोबाकाका कुंभारांच्या या तेर गावात कुणीही कुंभार अडवेल. मडकं आव्यात भाजून निघतं, त्या आचेत जिवाणू उरत नाहीत. तरी कोऱ्या माठात पाणी ओतलं की ओळखीचा वास दरवळतोच! तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती पाहिल्या, की माती भाजायची विद्या इथे किती जुनी आहे ते कळतं, आणि तेव्हापासून हा वासही इथल्या माणसांच्या ओळखीचा असणार. त्याचा उलगडा 1964 साली ऑस्ट्रेलियाच्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी ‘नेचर’मध्ये मांडला. कोरडे दगड आणि सच्छिद्र चिकणमाती हवेतली वनस्पतिजन्य तेलकट द्रव्यं शोषून धरून ठेवतात, आणि ओल लागली की ती सोडून देतात. अशा खडकांतून त्यांनी वाफेच्या साहाय्याने पिवळसर तेल काढून दाखवलं. कनौजचे अत्तरवाले मात्र हे काम फार आधीपासून करत आले आहेत: भाजलेल्या मातीचे तुकडे पाण्यात उकळायचे आणि ती वाफ चंदनतेलात उतरवायची.

मोठा पाऊस, मोठा वास, हाही गैरसमजच. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी 28 प्रकारच्या पृष्ठभागांवर थेंब पाडून वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि 2015 साली ते प्रसिद्ध केलं. थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की त्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते थेंबातून वर येऊन फुटतात आणि सूक्ष्म तुषार हवेत उडवतात. त्या तुषारांवर स्वार होऊन वास पसरतो. हलक्या आणि मध्यम सरीत हे तुषार जास्त उडतात. मुसळधार पावसात बुडबुडे धरायला उसंतच मिळत नाही.

पण जिवाणू हा वास बनवतात तरी कशासाठी? तो निव्वळ टाकाऊ माल असावा, असं वाटणं साहजिक आहे. 2020 साली ‘नेचर मायक्रोबायोलॉजी’त आलेल्या अभ्यासाने ते खोडून काढलं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे एखाद-दोन मिलिमीटरचे, उड्या मारणारे जीव असतात. ते जिओस्मिनच्या वासाने जिवाणूंच्या वसाहतीकडे येतात, त्यांच्यावर ताव मारतात आणि बीजाणू अंगावर व विष्ठेतून दुसरीकडे पोचवतात. युरोपातल्या ट्रफल या महागड्या भूमिगत बुरशीचीही हीच तऱ्हा. जमिनीखाली असल्याने तिचे बीजाणू वाऱ्याने उडत नाहीत, म्हणून ती वासाने डुकरांना बोलावते. त्या वासात नराच्या संप्रेरकासारखा पदार्थ असतो आणि डुकरीण त्यालाच भुलते, ही गोष्ट आजही सांगितली जाते. 1990 साली फ्रान्समधल्या चाचणीत मात्र डुकरांनी त्या पदार्थाकडे दुर्लक्ष केलं आणि डायमिथाइल सल्फाइड या गंधकयुक्त वायूचा माग काढला. ट्रफलच्या सुगंधातली काही द्रव्यं तिच्या अंगात राहणारे जिवाणूच बनवतात, असंही पुढे आढळलं.

उन्हाळ्यात धरणाच्या पाण्याला मातकट वास येतो, तेव्हा गाळ आला म्हणून आपण तुरटी फिरवतो. गाळ बसतो, वास तसाच राहतो, कारण जिओस्मिन पाण्यात विरघळलेलं असतं आणि बहुधा नीलहरित जिवाणूंनी बनवलेलं असतं. ते स्वतः अपायकारक नाही. पण त्यातले काही जिवाणू विषंही तयार करतात, म्हणून पाण्यावर हिरवा तवंग दिसला तर तपासणी हवीच. वास घालवायला सक्रिय कोळशाचा फिल्टर उपयोगी पडतो. गोड्या पाण्यातल्या माशाचा मातकटपणा मारायला चिंच-लिंबू लावतात, ते मात्र अचूक आहे. आंबटात जिओस्मिन मोडतं आणि त्याचा वास जातो.