आगीचा बंब आणि नागरिकांचें कर्तव्य

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, ही म्हण मराठवाड्याला नव्यानें शिकवावयास नको. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पाणी भरण्याच्या ठिकाणीं जमावबंदीचा हुकूम काढण्याची पाळी आली. ज्या गांवांत पिण्याच्या घागरीचीच विवंचना, त्या गांवांत भर बाजारपेठेंत आग लागती तर बंबांत पाणी कोठून आलें असतें? हा प्रश्न तेव्हां भयंकर होता, आणि पुढें पाऊस चांगला झाल्यानें तो सुटला असें मानणें ही आत्मवंचना होय. नांदेड काय आणि लातूर काय, दोन्ही शहरें गेल्या पिढींत झपाट्यानें वाढलीं. घरें उंच झालीं, दुकानें दाटलीं, विजेचा भार वाढला. आगीविषयींची आपली समजूत मात्र खेड्यांतील कडब्याच्या गंजीपुढें फारशी गेली नाहीं. म्हणून या विषयावर चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

अग्निशमन दल म्हणजे घंटा वाजवीत येणारी तांबडी गाडी, एवढीच सामान्य कल्पना आहे. ती फार अपुरी आहे. विहिरींत पडलेलें माणूस किंवा जनावर बाहेर काढणें, पडक्या भिंतीखालीं सांपडलेल्यांस सोडविणें, अपघातांत चेपलेल्या मोटारींतून जखमींना काढणें, गोदावरीला पूर येऊन विष्णुपुरीचे दरवाजे उघडले म्हणजे नांदेडच्या सखल वस्त्यांतील कुटुंबें सुरक्षित स्थळीं हलविणें, हीं सर्व कामें त्याच खात्याच्या कक्षेंत येतात. सन १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारें दहा हजार माणसें नेलीं. ढिगाऱ्याखालून माणूस जिवंत काढणें ही स्वतंत्र विद्या आहे, ती शिकलेले लोक व लागणारीं हत्यारें आधींपासून जवळ असावीं लागतात, हा धडा या भागाला जितका महाग पडला तितका क्वचितच कोणास पडला असेल.

शांततेच्या काळांतील कामें निराळींच. इमारतीचे जिने, बाहेर पडण्याच्या वाटा व पाण्याच्या टाक्या नियमाप्रमाणें आहेत कीं नाहींत हें पाहून दाखला देणें, शाळांत व रुग्णालयांत कवाईत घेणें, उत्सवाच्या मंडपांची पाहणी करणें, आणि नुकसान झाल्यास विमा कंपनीपुढें ठेवण्यासाठीं आगीच्या घटनेचा दाखला देणें. आमच्या पुष्कळ व्यापारी बंधूंना या शेवटच्या दाखल्यापुरतीच खात्याची आठवण होते, ही खेदाची गोष्ट आहे.

ही सेवा म्हणजे कोणाचा उपकार नव्हे. सन १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें राज्यघटनेस जें बारावें परिशिष्ट जोडलें, त्यांत नगरसंस्थांकडे सोंपविण्याच्या विषयांमध्यें अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. इंग्लंडांतही एके काळीं हें काम विमा कंपन्यांच्या पदरीं असलेल्या बंबवाल्यांवर सोडलेलें होतें. १८६१ सालीं लंडनच्या टूली रस्त्यावरील वखारींना प्रचंड आग लागली. बंबवाल्यांचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड हा तींत भिंत कोसळून ठार झाला. कंपन्यांनींच सरकारास कळविलें कीं, हा भार आम्हांस झेपत नाहीं. तेव्हां १८६५ मध्यें कायदा होऊन सार्वजनिक दल उभें राहिलें. शेजाऱ्याच्या घरची आग ही केवळ शेजाऱ्याची बाब नाहीं, हें तत्त्व तेथें असें अनुभवानें सिद्ध झालें. नांदेडला १९९७ पासून आणि लातुरास २०११ पासून महानगरपालिका आहे. नांवाचा मोठेपणा मिळाला. त्याबरोबर आलेली जबाबदारी मोजून घेण्याचा नागरिकांस पूर्ण हक्क आहे.

परंतु हक्काची बाजू सांगून कर्तव्याची बाजू लपविणें आमच्यानें होणार नाहीं. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. त्यानें आग प्रतिबंधाची पहिली जबाबदारी पालिकेवर नव्हे, तर इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा बसवून घ्यावी, ती चालू स्थितींत ठेवावी, आणि तशी ती असल्याचें प्रमाणपत्र वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावें, असा नियम आहे. आतां प्रत्येक वाचकानें स्वतःस विचारावें: गेल्या जानेवारींत आपल्या दुकानाचें, गोदामाचें किंवा दवाखान्याचें प्रमाणपत्र गेलें काय?

कोणी म्हणेल, हा सारा कागदांचा खेळ आहे. शुल्क भरलें, तांबडें नळकांडें भिंतीस टांगलें, आणखी काय पाहिजे? या आक्षेपांत तथ्य आहे, पण तें आक्षेप घेणाऱ्याच्याच विरुद्ध जातें. नळकांडें आहे आणि तें चालविणारा हात नाहीं, तर तें शोभेची वस्तु होय. तपासणी केवळ कागदावर उरकली जात असेल, तर दोष खात्याचाही आहे. आणि तो लपविण्यांत मालकाचें हित मुळींच नाहीं. ९ जानेवारी २०२१ रोजीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षांत आग लागून दहा अर्भकें गेलीं. २४ मे २०१९ रोजीं सुरतेंत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरील शिकवणीच्या वर्गांत आग शिरली आणि बावीस जीव गेले. कित्येक मुलांनीं खिडक्यांतून उड्या टाकल्या. ज्या लातुरांत दूरदूरचे आईबाप आपलीं मुलें शिक्षणासाठीं विश्वासानें पाठवितात, तेथील वर्गचालकांनीं ही बातमी परगांवची म्हणून वाचून सोडून देऊं नये. शंभर विद्यार्थी बसतात त्या खोलीस दुसरा जिना आहे काय, आणि असल्यास त्याला कुलूप तर नाहीं ना, हें पालकांनीं फी भरण्यापूर्वीं विचारावें.

नांदेडकडे कापूस आणि लातुराकडे डाळ व तेलबिया यांचा व्यापार मोठा. कापसाची आग दगाबाज असते. वरून विझलेली दिसली तरी गांठीच्या पोटांत ती धुमसत राहते. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गांठी आणि सुमारें १,४०० टन दारूगोळा एकाच ठिकाणीं भरलेला होता. आग लागली, स्फोट झाले, आणि आग विझवितांना ६६ बंबवाले प्राणांस मुकले. त्यांच्याच स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. जिनिंगच्या आवारांत विडी ओढणाऱ्यानें, गोदामांत उघड्या तारा लोंबत ठेवणाऱ्यानें, या ६६ जणांची आठवण ठेवावी.

घरगुती बाबतींत नियम थोडे व सोपे आहेत. स्वयंपाकाचा वायु हवेहून जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास येतांच शेगडी व सिलिंडरची झडप बंद करावी, दारें-खिडक्या उघडाव्या, विजेचें बटण लावूंही नये व बंदही करूं नये, आणि १९०६ या क्रमांकावर कळवावें. कढईंतील तेल पेटलें तर पाणी ओतूं नये. झांकण ठेवून चूल बंद करावी. बंबासाठीं १०१ किंवा ११२ हे क्रमांक आहेत. पत्ता सांगतांना जवळची ठळक खूण सांगावी, आणि एका माणसानें चौकांत जाऊन गाडीस वाट दाखवावी. लातूरच्या गंजगोलाईस सोळा रस्ते येऊन मिळतात. परंतु हातगाड्यांनीं व उभ्या वाहनांनीं अडविलेला रस्ता बंबाच्या दृष्टीनें रस्ताच नव्हे. वजिराबाद व इतवाऱ्याच्या गल्ल्यांनाही हेंच लागू आहे.

आतां पालिकांकडे आमचें मागणें. शहरांत पांच ते सात मिनिटांत बंब पोंचावा, असें राष्ट्रीय प्रमाण मानलेलें आहे. दोन्ही पालिकांनीं प्रत्येक वर्दीस बंब किती मिनिटांत पोंचला याचा आंकडा दरमहा प्रसिद्ध करावा. रिकाम्या जागा भराव्या. पेठापेठांतून बंबासाठीं राखीव पाण्याचे सांठे ठेवावे आणि टंचाईंतही त्यांस हात लावूं नये. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आपल्याच नागपुरांत आहे. शिक्षणास माणसें पाठविण्यास अंतराची सबब चालणार नाहीं. केंद्र सरकारनें २०२३ सालीं राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठीं ५,००० कोटि रुपयांची योजना आंखली. तींतील या दोन शहरांचा वांटा मागून घेणें हें लोकप्रतिनिधींचें काम आहे.

स्वराज्य म्हणजे केवळ मत देण्याचा अधिकार नव्हे; आपल्या गांवाची राखण आपण करणें हें त्याचें पहिलें लक्षण होय. येत्या महिन्याभरांत प्रत्येक पेठेंतील व्यापाऱ्यांनीं एकत्र जमून बंबवाल्यांना बोलवावें, आपलीं दुकानें दाखवावीं, आणि तासभर कवाईत करावी. त्या तासाभरांत बुडणारा धंदा दुसऱ्या दिवशीं भरून निघेल. एका रात्रींत जळालेली वखार विम्यानें कदाचित् उभी राहील. तींत झोंपलेला नोकर मात्र कोणत्याही विम्यानें परत येणार नाहीं.