कासवाचे पिल्लू आणि आपली भूतदया

पावसाळ्यात मळवली स्थानकावर उतरून भाजे गावाच्या वाटेला लागणाऱ्यांची संख्या दर वर्षी मोठी असते. कोणी लेणी पाहावयास येतो, कोणी धबधब्यासाठी, कोणी लोहगड किंवा विसापूर चढावयास. डोंगरावरून उतरलेले पाणी भातखाचरे भरीत, ओहोळांतून इंद्रायणीकडे धावत असते आणि त्याच पाण्याच्या कडेने एखादे कासवाचे पिल्लू चिखलातून वाट काढीत असते. तळहातावर मावेल एवढा तो जीव सहलीला आलेल्या मुलाच्या दृष्टीस पडला, की पुढचा प्रकार बहुधा ठरलेला असतो. मूल ते उचलते, आईवडिलांना त्याचे एकटेपण पाहून कणव येते, पाण्याची बाटली कापून तिचे भांडे होते आणि संध्याकाळच्या लोकलने ते पिल्लू शहरातील एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन पोहोचते. रात्री घरात प्रश्न उभा राहतो : याला खावयास काय घालावे?

हा प्रश्न दुष्टपणातून निघालेला नसतो, आणि म्हणूनच त्याचा गंभीरपणे विचार करणे अवश्य आहे. कासव मारून खाणाऱ्याला दोष देणे सोपे असते. कासवाच्या पिल्लावर माया करणाऱ्याला त्याची चूक समजावून देणे त्याहून अवघड आहे.

मूळ गृहीतच तपासून पाहू. पिल्लू एकटे आहे म्हणून ते अनाथ आहे, असे आपण मानतो. सस्तन प्राण्यांच्या जगात ते बहुधा खरे ठरेल; कासवाच्या जगात नाही. मादी मातीत खळगा करून अंडी घालते, ती बुजवते आणि निघून जाते. पिल्लाने आईला पाहिलेले नसते आणि आईने पिल्लाला. परंतु ती त्याला रिकाम्या हाताने पाठवीत नाही. अंड्यातील बलकाचा उरलेला भाग पिल्लाच्या पोटात असतो आणि पहिले काही दिवस त्याचा निर्वाह त्यावरच चालतो. आपण ज्याला उपाशी समजून भाताचे शीत पुढे करतो, तो जीव आपली शिदोरी बरोबर घेऊनच बाहेर पडलेला असतो.

आपल्याकडील ओढ्यातळ्यांत सामान्यतः आढळणाऱ्या एका पाणकासवाच्या पोटाखाली चामडी झडपा असतात; पाय आत ओढून घेतले की त्या झडपा मिटतात. हे कासव बेडूकमासे, किडे, गोगलगाई, लहान मासे, मेलेली जनावरे आणि पाणवनस्पती असे सर्व काही खाते. पाणी आटले की ते चिखलात स्वतःला गाडून घेते आणि पावसाची वाट पाहते. कुजणारे मांस खाऊन ते पाणी स्वच्छ राखते. त्या दृष्टीने ते ओढ्याचे विनावेतन सफाई कामगारच होय.

आता हाच आहार घरात कसा द्यावयाचा? बहुतेक घरांत पाव, भात, बिस्किटाचा चुरा, क्वचित दूधसुद्धा दिले जाते. यांपैकी एकही त्याचे अन्न नव्हे. कवच हे हाडाचेच बनलेले असते आणि ते घडण्यास चुना, म्हणजे कॅल्शियम, लागतो. तो अंगी लागण्यास ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते तयार होण्यास उन्हातील अतिनील किरण लागतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतातच. परिणामी कवच मऊ पडते, वेडेवाकडे वाढते. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की पापण्या सुजून डोळे मिटतात आणि ज्याला दिसत नाही ते पिल्लू खाणेही सोडते. शिवाय कासवाच्या शरीराची ऊब बाहेरून येते. गार पाण्यात ठेवलेल्या पिल्लाने खाल्ले तरी ते पचत नाही. त्याच भांड्यात अन्न आणि विष्ठा कुजते, त्वचेला जंतुसंसर्ग होतो. फुप्फुसाला विकार झाला, की ते पाण्यावर एका बाजूला कलून तरंगू लागते आणि घरच्यांना वाटते, की ते खेळत आहे.

या सर्व अडचणींवर उपाय आहेत. खास दिवे, पाणी गाळण्याची यंत्रे, मोजून दिलेला आहार आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य, इतके सारे जमविल्यास पिल्लू जगेलही. पण कासवाचे आयुष्य काही दशकांचे असते. आज दहा वर्षांचा असलेला मुलगा नोकरीला लागेल, त्याचे लग्न होईल, तरी ते कासव टाकीतच असेल. इतक्या खर्चाने आणि कष्टाने आपण त्याला जे देऊ, ते सर्व भाज्याच्या ओहोळात त्याला विनासायास मिळत होते.

कासवांची खरी जोपासना कशी करावी, याचा धडा महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले या सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. पूर्वी ती अंडी माणसे आणि कोल्हीकुत्री पळवीत. आता अंडी जाळीने बंदिस्त केलेल्या वाळूत पुरली जातात, सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात आणि समुद्राकडे सोडली जातात. तेथे पिल्लांना कोणी चारा घालीत नाही, घरी नेत नाही. राखण करावयाची ती घरट्याची आणि किनाऱ्याची. पिल्लू आपली वाट आपण चालते. दया आणि ज्ञान एकत्र आले म्हणजे काय घडते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित कासव पकडणे आणि बाळगणे हा गुन्हा ठरविला आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. ‘आम्ही प्रेमाने पाळले होते’ हा त्यावर बचाव होऊ शकत नाही. ‘वीसनखी’ कासवाने घरात पैशांचा पाऊस पडतो, अशा भोळसट समजुतीपायी आपल्याकडे कासवांची चोरटी विक्री चालते. प्रत्येक हौशी पाळणारा नकळत त्या बाजाराला प्रतिष्ठा देत असतो.

पुणेकरांनी तर याबाबत अधिक जागरूक असावयास हवे. लीथचे मृदुकवची कासव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीचे शास्त्रीय वर्णन जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ साली केले, ते पुण्याच्या नमुन्यावरून. या जातीच्या पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार ते सहा ठिपके असतात. आज ही जात अतिसंकटग्रस्त मानली जाते आणि २०२२ साली तिचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद करण्यात आला. ओढ्यात सापडलेले पिल्लू कोणत्या जातीचे आहे, हे सामान्य माणसास कळणे कठीण असते. जे आपण ओळखू शकत नाही ते उचलू नये, एवढा विवेक तरी बाळगता येईल.

रानातले न आणता दुकानातले घ्यावे, असा मार्ग काही जण काढतात. गालावर तांबडी रेघ असलेले अमेरिकी कासव शहरांत सर्रास विकले जाते. ते मोठे झाले, घाण करू लागले, की मालक त्याला तळ्यात सोडून मोकळा होतो आणि मग ते देशी कासवांच्या अन्नावर व जागेवर हक्क सांगते. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात. मुले कासवे तोंडात घालतात म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, हे शाळेच्या वर्गात कासव ठेवू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

मग पिल्लू दिसल्यास करावे काय? ते धडधाकट असेल तर दुरून पाहावे आणि पुढे जावे. रस्त्यावर चिरडले जाण्याचा धोका असेल तर ज्या दिशेने ते निघाले होते त्याच बाजूच्या कडेला अलगद ठेवावे व हात साबणाने धुवावेत. जखमी असेल तर ओलसर फडके घातलेल्या, हवा खेळत्या खोक्यात ठेवावे. खोल पाण्यात सोडू नये, कारण अशक्त कासव बुडून मरते. काहीही भरवू नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ते नेमके कोठे सापडले हे लिहून ठेवावे, कारण बरे झाल्यावर त्याला तेथेच परतावयाचे असते. अगोदरच घरी आणलेले पिल्लू असेल तर त्याला परस्पर कोणत्याही तळ्यात सोडू नये; घरात जडलेला रोग तेथील इतर कासवांत पसरू शकतो. तेही वनविभागाच्याच स्वाधीन करावे.

आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्याला नमस्कार करून, त्यावर पाय न पडेल अशा बेताने आपण पुढे जातो. ते उचलून घरी न्यावे असे कोणाच्या मनात येत नाही. भाज्याच्या ओहोळातील जिवंत कासवालाही एवढाच मान पुरेसा आहे. त्याला खरोखर काही द्यावयाचे असेल तर सहलीचा कचरा त्या पाण्यात न टाकता परत आणावा, आणि इंद्रायणीच्या मातीच्या काठांवर काँक्रीट चढू लागले तर त्याचा जाब विचारावा. कारण त्या मातीतच पुढची अंडी घातली जाणार आहेत. पिल्लाच्या अन्नाची काळजी ओढा वाहील. ओढ्याची काळजी मात्र माणसांनाच वाहावी लागेल.